हर्ट्झ मागितले किती, मिळाले किती

अनोळखी ड्रायव्हरचा, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, कोड वाचायला घेतला की बहुतेक जण प्रोब फंक्शनपासून, म्हणजे हार्डवेअर सापडल्यावर आधी चालणाऱ्या भागापासून, सुरुवात करतात. मी आधी भागाकार शोधतो. मूळ क्लॉकला (हार्डवेअरच्या घड्याळाच्या वेगाला) मागितलेल्या वेगाने भागून जो डिव्हायडर, म्हणजे भाजक, येतो आणि तो जिथे रजिस्टरमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या सेटिंगच्या खणात, लिहिला जातो, त्या चार-सहा ओळी. समोरून येणाऱ्या आकड्यावर लिहिणाऱ्याने किती भरवसा टाकला आहे ते तिथे उघडं पडतं, आणि उरलेला हजार ओळींचा ड्रायव्हर कसा असेल याचाही अंदाज येतो. निकष जरा खोडसाळ आहे, पण सहसा चुकत नाही.

हा आकडा येतो कुठून? कधी डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या हार्डवेअरच्या यादीत, कोणीतरी लिहून ठेवलेला असतो, कधी युजरस्पेसमधलं एखादं ॲप मागतं, कधी वरच्या थरातला दुसरा ड्रायव्हर. मागणाऱ्यासमोर त्याच्या चिपची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) असते, आपल्यासमोर आपल्या कंट्रोलरची, म्हणजे त्या चिपशी बोलणाऱ्या हार्डवेअरची. एकाने दुसऱ्याचा कागद वाचलेला नसतो, आणि त्याने तो वाचावा अशी अपेक्षाही नाही. ड्रायव्हर लिहिला जातो तोच मुळी त्यासाठी. मग एखाद्या दिवशी 20 मेगाहर्ट्झची मागणी अशा कंट्रोलरपाशी येते, ज्याच्याकडे 20 मेगाहर्ट्झ नावाचा वेगच नाही.

वरवर पाहता वाटतं की किमान आणि कमाल यांच्या मधला कुठलाही वेग मागावा आणि मिळावा. साध्या पूर्णांकी डिव्हायडरकडे तसं नसतं. मूळ क्लॉक 50 मेगाहर्ट्झ असेल तर 1 ने भागून 50, 2 ने 25, 3 ने 16.67, 4 ने 12.5, 5 ने 10. वरच्या टोकाला दोन वेगांमध्ये अख्खं मैदान मोकळं. खालच्या टोकाला मात्र दाटीवाटी: 100 ने भागलं तर 500 किलोहर्ट्झ, 101 ने भागलं तर 495. म्हणून रेंजबाहेरचा आकडा फक्त दोन टोकांच्या पलीकडेच सापडतो असं नाही. 25 आणि 50 यांच्या मधला प्रत्येक आकडा या हार्डवेअरच्या लेखी बाहेरचाच आहे. टोकाशी काय करायचं आणि मधल्या पोकळीत काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न समजून दोन वेगळ्या ठिकाणी सोडवलेले दिसले की मला थोडं खटकतं. प्रश्न एकच आहे: मागितलेलं देता येत नसेल तर कुठल्या बाजूला सरकायचं, आणि ते ठरवायचा अधिकार कोणाचा?

20 मेगाहर्ट्झच्या त्या मागणीकडेच पाहा. सी भाषेतला पूर्णांकी भागाकार बाकी टाकून देतो. 50 भागिले 20 म्हणजे 2, आणि 2 ने भागल्यावर हाती येतात 25 मेगाहर्ट्झ. चिपच्या डेटाशीटमध्ये 20 ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे कोणीही आगाऊपणा केलेला नसताना, नुसत्या भागाकाराच्या स्वभावामुळे, आपण मर्यादेच्या पाव पट वर गेलो. आणि बेंचवर हे बिनतक्रार चालतं, हीच पंचाईत आहे. चिप बनवणारा कमाल 20 लिहितो तेव्हा त्याने सगळ्यांत वाईट तापमान, सगळ्यांत कमी व्होल्टेज आणि उत्पादनातली सगळ्यांत मंद चिप धरलेली असते. टेबलावरच्या, पंख्याखालच्या, नेमक्या 3.3 व्होल्टवर चालणाऱ्या नमुन्याला 25 सहज झेपतात. पुढे तेच बोर्ड बंद डब्यात जातं, आतली हवा तापते, आणि हजारो बाइट्समधला एखादा बिट उलटतो. तक्रार येते ती सेन्सरबद्दल. ड्रायव्हरमधल्या भागाकाराकडे कोणाची नजर जात नाही, कारण तो भाग ‘चालतोय’.

उपाय ओळभराचा आहे: भागाकार वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा. लिनक्समध्ये त्यासाठी ‘डिव्ह राउंड अप’ नावाचा मॅक्रो आहे. 2.5 चे 3 होतात, वेग 16.67 वर येतो, चिप सुखी. जवळच्या पूर्णांकाकडे नेणारा मॅक्रोही शेजारीच आहे आणि दिसायला तो जास्त समजूतदार वाटतो. पण ‘जवळचं’ आणि ‘मर्यादेतलं’ यांत फरक आहे. पुलाच्या अलीकडे लोखंडी कमान असते, तिच्यावर कमाल उंची लिहिलेली असते. त्या आकड्याच्या जवळपास असून ट्रकचं भागत नाही, त्याला खालीच असावं लागतं. कमाल मर्यादा म्हणून आलेल्या आकड्याला गोलाई देताना दिशा एकच.

ही दिशा ओळखणारा कोड वाचायला मिळाला की बरं वाटतं. एसपीआय ही चिपांना जोडणारी एक बस; लिनक्सच्या एसपीआय गाभ्यात, म्हणजे तिच्या सामाईक कोडमध्ये, त्याचा चांगला नमुना आहे. एखाद्या ट्रान्सफरने कंट्रोलरच्या कमालपेक्षा जास्त वेग मागितला, तर गाभा तो गुपचूप कमालवर आणतो आणि काम पुढे चालू ठेवतो. तोच वेग कंट्रोलरच्या किमानपेक्षा कमी मागितला, तर मात्र ट्रान्सफर सरळ नाकारली जाते. पहिल्यांदा वाचताना हे विसंगत वाटतं: एका टोकाला मवाळ, दुसऱ्या टोकाला कडक. पण मागणाऱ्याच्या बाजूने पाहा. 40 मागितले आणि 30 मिळाले, तर त्याचं काम सावकाश होईल, एवढंच. 1 मागितला आणि 2 दिले, तर त्या चिपच्या मर्यादेचं उल्लंघन आपण केलं, तेही तिला न विचारता. एसडी आणि एमएमसी कार्डांच्या गाभ्यातही हीच तऱ्हा: वेग कमालपेक्षा जास्त असेल तर कापायचा, आणि शून्य नसूनही किमानपेक्षा कमी असेल तर लॉगमध्ये मोठ्याने बोंब ठोकायची. दोन वेगळ्या गटांनी सांभाळलेला कोड, पण दोन्हीकडे खाली येणं क्षम्य मानलं आहे आणि वर जाणं नाही.

यावरून ‘सावकाश म्हणजे सुरक्षित’ असा नियम करून टाकायचा मोह होतो. तो आवरायला हवा. आय-टू-सी या चिपांना जोडणाऱ्या दुसऱ्या बसला खालची मर्यादा नाही, घड्याळ कितीही हळू चालवा. तिच्याच चुलत घराण्यातल्या एसएमबसला आहे: 10 किलोहर्ट्झ. शिवाय क्लॉकची तार 25 ते 35 मिलिसेकंद खाली अडकून राहिली तर समोरची चिप संभाषण संपलं असं समजून मोकळी होते. एसडी कार्ड ओळख पटवण्याच्या टप्प्यात 100 ते 400 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहायला सांगतं. आणि एचडीएमआयच्या टीएमडीएस, म्हणजे चित्र वाहून नेणाऱ्या, जोडणीला 25 मेगाहर्ट्झपेक्षा कमी वेग चालत नाही.

त्या शेवटच्या मर्यादेवर शोधलेली युक्ती मला फार आवडते. जुन्या पद्धतीच्या 480 आणि 576 ओळींच्या इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी पाठवणाऱ्या) चित्राचा पिक्सेल क्लॉक आहे 13.5 मेगाहर्ट्झ. म्हणजे मागणी किमानच्या बरीच खाली. नकार देता आला असता, किंवा चित्राचा वेग बदलून सगळा टीव्हीच बिघडवता आला असता. त्याऐवजी प्रमाणकात ठरलं की प्रत्येक पिक्सेल दोनदा पाठवायचा. तारेवरचा वेग होतो 27 मेगाहर्ट्झ, मर्यादेच्या आत; आणि घेणाऱ्याला शेजारच्या माहिती-पाकिटातून कळवलं जातं की दर दुसरा पिक्सेल पुनरुक्ती आहे, टाकून दे. मागणी बदलली नाही, हार्डवेअरची मर्यादाही मोडली नाही, आणि दोन्ही टोकांना काय चाललंय ते ठाऊक आहे. रेंजबाहेरचा आकडा हाताळण्याचं इतकं सभ्य उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आता असभ्य उदाहरणांकडे. त्यातलं सगळ्यांत जास्त भेटणारं म्हणजे मास्क, ठरावीक बिट ठेवून बाकीचे पुसणारी क्रिया. रजिस्टरमध्ये डिव्हायडरला 8 बिट दिलेले असतात. कोडमध्ये गणिताने आलेला डिव्हायडर 255 शी ‘अँड’ केलेला असतो. लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ आहे: शेजारच्या बिटांना धक्का लागू नये. पण मूळ क्लॉक 200 मेगाहर्ट्झ असताना एसडी कार्डासाठी 400 किलोहर्ट्झ मागितले, तर डिव्हायडर लागतो 500. तो 8 बिटांत मावत नाही. मास्क वरचा बिट कापून टाकतो, उरतात 244, आणि तारेवर येतात 820 किलोहर्ट्झ. सर्वांत सावकाश चालायची वेळ असलेल्या टप्प्यात दुप्पट वेग. नेमका 256 लागला असता तर उरला असता शून्य. आणि शून्य लिहिल्यावर काय होतं ते चिपनुसार बदलतं: कुठे 256 ने भागलं जातं, कुठे 1 ने, कुठे क्लॉक बंदच होतो. मास्क शेजाऱ्यांचं रक्षण करतो हे खरं, पण आतल्या आकड्याचं सोंग तो बदलून टाकतो. म्हणून मास्कच्या आधी तपासणी हवी, आणि ती ‘मावत नाही’ असं म्हणू शकणारी हवी.

डिव्हायडर ‘वजा एक’ करून लिहायचा असतो अशीही पुष्कळ रजिस्टरं आहेत. तिथे मूळ क्लॉकपेक्षा दुप्पट वेग मागून पाहावा. बाकी टाकणारा भागाकार शून्य देतो, त्यातून एक वजा होतो, चिन्हरहित आकडा उलटून सगळे बिट 1 होतात. सर्वांत जास्त वेग मागणाऱ्याला सर्वांत कमी वेग मिळतो. असा उलटा न्याय पाहून हसू येतं, पण बोर्ड घेऊन बसलेल्या माणसाला ते सांगायची सोय नसते.

याहून छुपा प्रकार म्हणजे तपासणी असते, पण उशिरा. अपूर्णांकी डिव्हायडरसाठी मूळ क्लॉकला आधी 256 ने गुणायचं आणि मग भागायचं, ही नेहमीची रीत. 24 मेगाहर्ट्झ गुणिले 256 म्हणजे 6 अब्ज 14 कोटी 40 लाख. 32 बिटांच्या चिन्हरहित आकड्याची झेप 4 अब्ज 29 कोटींच्या आसपास संपते. जास्तीचं सांडून जातं, आणि उरलेला आकडा असा दिसतो जणू मूळ क्लॉक 7.2 मेगाहर्ट्झ आहे. त्यापुढे किमान-कमालची तपासणी अगदी मन लावून केलेली असते, आणि ती या आकड्याला पास करते, कारण 7.2 मध्ये वावगं काही नाही. पहारेकरी जागा होता, पण त्याच्यासमोर आलेला माणूसच दुसरा होता. त्यात भर म्हणजे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागात, वेग ‘अनसाइन्ड लाँग’ या चिन्हरहित आकड्याच्या प्रकारात ठेवतात. तो 64 बिटांच्या यंत्रावर 64 बिटांचा असतो आणि 32 बिटांच्या यंत्रावर 32 चा. मोठ्या यंत्रावर तपासलेला कोड छोट्या यंत्रावर जाऊन सांडतो.

आणि या गोंधळातून खुद्द चौकटही सुटलेली नव्हती. लिनक्सची सामाईक क्लॉक चौकट 2012 मध्ये, 3.4 आवृत्तीत आली. तिच्यात ‘हा वेग मागितला तर प्रत्यक्षात कुठला मिळेल?’ असं विचारायचं एक फंक्शन आहे, क्लॉक राउंड रेट. प्रश्न फार चांगला आहे. हार्डवेअरला हात न लावता उत्तर मिळतं. पण उत्तर चिन्हासहित ‘लाँग’मध्ये परत येतं, कारण ऋण आकड्यांतून एरर कळवायचे असतात. 32 बिटांवर 2.147 गिगाहर्ट्झच्या वरचा वेग त्यामुळे ऋण दिसणार, म्हणजे एक धडधाकट क्लॉक स्वतःला चूक म्हणून जाहीर करणार. क्लॉकच्या ड्रायव्हरांनी पुरवायच्या ‘डिटरमिन रेट’ फंक्शनलाही हाच आजार होता. 2015 मध्ये त्याचं रूप बदललं: वेग एका वेगळ्या रचनेत ठेवायचा आणि परत यायचा तो फक्त यश-अपयशाचा निकाल. रेंज तपासण्यासाठी बांधलेल्या व्यवस्थेचीच रेंज अपुरी पडली, याची मला गंमत वाटते. आकडा आणि तक्रार एकाच खिडकीतून बाहेर काढायचं ठरवलं की हे कधीतरी होणारच होतं.

चांगल्या कोडचा एक नमुना सांगायला हवा, नाहीतर सगळे बेफिकीर आहेत असं वाटेल. ब्रॉडकॉमच्या बीसीएम 2835 चिपचा आय-टू-सी ड्रायव्हर. रास्पबेरी पायमुळे तो बऱ्याच जणांच्या हाताखालून जातो. या हार्डवेअरची एक खोड आहे: डिव्हायडरचा सर्वांत खालचा बिट ते पाहतच नाही. विषम आकडा दिला की तो खालच्या सम आकड्यासारखा वापरला जातो. खालचा डिव्हायडर म्हणजे जास्त वेग. म्हणून ड्रायव्हर आधी वरच्या पूर्णांकाकडे जातो, मग आकडा विषम असेल तर त्यात एक मिळवतो, आणि मगच 2 ते 65534 या मर्यादेत आहे का ते तपासतो. नसेल तर नकार. क्रम महत्त्वाचा आहे. तपासणी आधी, 16 बिटांच्या कमालशी म्हणजे 65535 शी, आणि सम करणं नंतर असं झालं असतं, तर 65535 हा आकडा तपासणीतून सुटून 65536 झाला असता आणि 16 बिटांतून बाहेर सांडला असता. अशा कोडमध्ये एखादी टिप्पणी असते, ती वाचून कळतं की लिहिणाऱ्याने डेटाशीटचं ते पान खरोखर उघडलं होतं.

काही जुने आय-टू-सी ड्रायव्हर वेगळा मार्ग घेतात. न पटणारा वेग दिसला की एक इशारा छापतात आणि 100 किलोहर्ट्झवर जातात. याबद्दल माझं मत पूर्वी कडक होतं, आता मऊ झालं आहे. 100 हा आय-टू-सीचा मूळ वेग, त्याला जवळपास कुठलीही चिप नाही म्हणत नाही. त्या बसवर पॉवर मॅनेजमेंटची चिप बसली असेल, तर बस नाकारणं म्हणजे बोर्ड उठूच न देणं. डिव्हाइस ट्रीत एक शून्य जास्त पडलं म्हणून यंत्र काळं पडून राहावं, हे तत्त्वाला धरून असेल, शहाणपणाचं नाही. इशारा मात्र दिसलाच पाहिजे.

सिरीयल पोर्टकडे या बाबतीत सर्वांत जुना अनुभव आहे, आणि तिथली तडजोड वाचण्यासारखी आहे. बॉड रेट, म्हणजे सिरीयलचा वेग, ठरवणारं सामाईक फंक्शन मागितलेला वेग मर्यादेत बसतो का बघतं. नाही बसला तर आधी जो वेग चालू होता तोच पुन्हा वापरून बघतं. तोही नाही जमला तर शेवटचा उपाय म्हणून चिपच्या जवळच्या टोकाला चिकटतं. मधली पायरी मला विशेष वाटते. जवळच्या टोकापेक्षा जुना वेग चांगला, कारण जुन्या वेगावर निदान दोघं बोलत तरी होते. आणि जे काही ठरलं ते मागणाऱ्याच्याच रचनेत परत लिहिलं जातं, म्हणजे विचारणाऱ्याला विचारता येतं. विचारायला मात्र हवं! पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या प्रमाणकाच्या नियमानुसार टर्मिनलच्या सेटिंग बदलणारं फंक्शन मागितलेल्या बदलांपैकी एकही जमला तरी यश कळवतं. यश आलं म्हणजे वेग बदलला असं नाही. सेटिंग पुन्हा वाचून ताडून पाहायची असते. हे वाचून पाहणारे प्रोग्राम फार थोडे.

सिरीयलमध्ये वर-खाली अशी सोयीची बाजूच नसते, कारण दोन्ही टोकांचे क्लॉक वेगवेगळे. एका अक्षराला साधारण 10 बिट. घेणारा सुरुवातीच्या बिटापाशी घड्याळ लावतो आणि शेवटचा बिट मधोमध, म्हणजे साडेनऊ बिटांच्या अंतरावर वाचतो. तोवर अर्ध्या बिटाहून जास्त घसरण झाली की अक्षर बिघडलं. हिशेब केला तर दोघांत मिळून जेमतेम 5 टक्क्यांची मुभा. व्यवहारात प्रत्येकाने 2 टक्क्यांच्या आत राहावं. 16 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर 115200 मागितले, तर साध्या पद्धतीने 111111 मिळतात, साडेतीन टक्के कमी. दुप्पट वेगाच्या पद्धतीने 117647, दोन टक्क्यांहून थोडे जास्त. यातली मजा अशी की सारखीच सेटिंग असलेली दोन एव्हीआर बोर्डं एकमेकांशी सुरळीत बोलतात, कारण दोघं सारखीच चुकतात. तिसरा कोणी आला की भांडण सुरू. ‘माझ्याकडे चालतं’ या वाक्यामागे असं काहीतरी असायची शक्यता मी नेहमी धरून चालतो.

काही ठिकाणी मुभाच नसते. यूएसबी फुल स्पीडला पाव टक्क्याच्या आत राहावं लागतं. एसटीएम 32 एफ 407 या मायक्रोकंट्रोलरवर 8 मेगाहर्ट्झच्या स्फटिकापासून आधी 336 मेगाहर्ट्झ करतात, त्याला 2 ने भागून प्रोसेसरला 168, आणि 7 ने भागून यूएसबीला नेमके 48 देतात. मधल्या 336 ला स्वतःची मर्यादा आहे, 432 च्या पलीकडे तो जाऊ शकत नाही. म्हणजे मागणी रेंजमध्ये, उत्तर रेंजमध्ये, आणि वाटेत कुठेतरी रेंज ओलांडलेली, असंही होऊ शकतं. फक्त शेवटचा आकडा तपासणाऱ्या ड्रायव्हरला हे कधीच कळत नाही. पीएलएल, म्हणजे स्फटिकापासून तो मोठा वेग बनवणारं सर्किट, लॉक होत नाही, किंवा कडाक्याच्या थंडीत होतो आणि उन्हात होत नाही.

आवाजाचंही तसंच. 44.1 किलोहर्ट्झची फाइल 48 वर वाजवली तर सूर जवळपास दीड अर्धस्वराने चढतात आणि चार मिनिटांचं गाणं वीस सेकंद आधी संपतं. ‘जवळचा वेग दिला’ ही सबब ऐकणाऱ्याला ऐकवता येत नाही. म्हणून ध्वनीच्या ड्रायव्हरांनी वाट बदलली आहे: चुकीची मागणी आल्यावर काय करायचं यापेक्षा, कुठल्या मागण्या करता येतील ते आधीच जाहीर करायचं. अल्सा या लिनक्सच्या ध्वनी-चौकटीत ड्रायव्हर सुरुवातीलाच आपली बंधनं नोंदवतो, आणि ॲप त्यातूनच निवडतं. चित्राच्या ड्रायव्हरांचाही हाच रिवाज. प्रत्येक मोडसाठी ड्रायव्हरला विचारलं जातं, हा चालेल का? 1080 ओळींचं 60 चौकटींचं चित्र म्हणजे 148.5 मेगाहर्ट्झ. 165 मेगाहर्ट्झपर्यंत जाणाऱ्या जुन्या एचडीएमआय जोडणीला ते चालतं. 4के 60 चे 594 चालत नाहीत. आणि नाही म्हणताना कारण सांगता येतं: क्लॉक जास्त, क्लॉक कमी. नापास मोड यादीतच येत नाही, म्हणून वापरणाऱ्याला नकाराचा अनुभवच येत नाही. एक्सफ्री 86 या जुन्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरच्या काळात मॉनिटरचे आकडे हाताने लिहावे लागत, आणि चुकीच्या आकड्याने जुना सीआरटी मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा त्याच्या कागदपत्रांत असे. नंतरचे मॉनिटर शहाणे झाले, पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ लिहून शांत बसू लागले. ड्रायव्हरने करायचं काम शेवटी काचेच्या डब्याने केलं.

शून्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण रेंजच्या चर्चेत तो नेहमी सुटतो. सिरीयलमध्ये शून्य बॉड म्हणजे फोन ठेव. एमएमसीत शून्य हर्ट्झ म्हणजे क्लॉक थांबव. डिव्हाइस ट्रीतून शून्य वाचला गेला तर बहुधा तो गुणधर्म लिहायचाच राहिलेला असतो. आणि मूळ क्लॉकचा वेग विचारल्यावर शून्य आला, तर त्याचा अर्थ तो वेग सध्या कोणालाच माहीत नाही. एकाच आकड्याचे चार अर्थ, आणि पाचवा, सर्वांत वाईट: भागाकारात भाजक होऊन कर्नल आडवा करणारा. सामाईक डिव्हायडरच्या कोडमध्ये यावर एक छोटी ओळ आहे: वेग शून्य मागितला तर तो 1 समजा. खालच्या टोकाकडे सरका, पण भागाकार वाचवा. शोभिवंत नाही, पण मला पटते. मागणी किमानच्या खाली गेली की हा कोड सर्वांत मोठा डिव्हायडर देतो, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त वेग. एसपीआयवाले इथे नकार देतात, हे देत नाहीत. म्हणून अशा क्लॉकवर उभा असलेला ड्रायव्हर ‘सेट केला, यश आलं’ एवढ्यावर थांबला, तर त्याच्या हाती काय आहे ते त्यालाच ठाऊक नसतं. सेट केल्यावर वेग परत वाचायचा, आणि तो आपल्या चिपच्या मर्यादेशी आपणच ताडायचा.

एकदा ताडलं म्हणजे कायमचं झालं, असंही नाही. मूळ क्लॉक आपल्या पाठीमागे बदलू शकतो. रास्पबेरी पाय 3 वर मिनी यूआर्टचा, म्हणजे तिथल्या एका सिरीयल पोर्टचा, बॉड रेट चिपच्या गाभ्याच्या क्लॉकवर टांगलेला आहे. तो क्लॉक वर-खाली झाला की सिरीयलवर कचरा येतो, म्हणून तो यूआर्ट सुरू करताना गाभा 250 मेगाहर्ट्झवर बांधून ठेवतात. लिनक्समध्ये यासाठी सूचना मागता येते: वेग बदलण्याआधी चौकट आपल्याला विचारते, आणि नवा वेग झेपणारा नसेल तर आपण बदलच रोखू शकतो. शिवाय ‘माझ्या क्लॉकला या दोन आकड्यांच्या बाहेर नेऊ नका’ असंही आधीच सांगून ठेवता येतं. ही सोय वापरणारे ड्रायव्हर थोडेच दिसतात. ज्यांना गरज नाही त्यांचं ठीक. ज्यांना आहे त्यांनाही बऱ्याचदा ती आहे हे कळलेलं नसतं, कारण विकासाच्या वेळी वीज वाचवायची सगळी सेटिंग बंद ठेवलेली असते.

राहिला प्रश्न नकार कसा द्यायचा याचा. ऋण बावीस, म्हणजे ‘चुकीचा आर्ग्युमेंट’, हा कर्नलमधला सर्वांत आळशी निरोप आहे. प्रोब फसला, कारण बावीस. कुठला आर्ग्युमेंट, किती होता, किती चालला असता? ‘रेंजबाहेर’ असं सांगणारा चौतीस क्रमांक उपलब्ध असूनही क्लॉकच्या कोडमध्ये तो क्वचित वापरतात. क्रमांक कुठलाही असो, मला लॉगच्या ओळीत चार आकडे हवे असतात: मागितलेला वेग, मूळ क्लॉक, किमान आणि कमाल. मूळ क्लॉक हवाच, कारण निम्म्या वेळी मागणी बरोबर असते आणि मूळ क्लॉकच अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो. कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरने काहीतरी वेगळं लावून ठेवलेलं असतं. यावर रिव्ह्यूमध्ये हमखास कोणीतरी म्हणतं की बूट लॉग आधीच लांब आहे, ही ओळ डीबगमध्ये ढकला. वेग मागितल्याप्रमाणे मिळाला असेल तर जरूर ढकला. आपण तो बदलला असेल तर माझी हरकत असते, आणि ती मी सोडत नाही. एक ओळ, चार आकडे, एकदाच.

पॅच पाठवण्याआधी डिव्हाइस ट्रीत मुद्दाम वाकडे आकडे लिहून बघायची सवय मी लावून घेतली आहे. शून्य, एक, कमाल, कमालपेक्षा एक जास्त, दोन उपलब्ध वेगांच्या बरोबर मधला, आणि 32 बिटांत मावणारा सर्वांत मोठा 4294967295. शेवटच्या आकड्यावर काही मजेशीर घडलं नाही तर ऑसिलोस्कोपचा प्रोब तारेला लावतो आणि मधल्या आकड्यावर परत येतो, कारण लॉग काय म्हणतो आणि तारेवर काय चाललंय हे दोन्ही जुळायला लागतं. जुळत नसेल तर बहुतेक वेळा मूळ क्लॉकच्या नोंदीतच गडबड असते, आणि मग तो दुसऱ्या ड्रायव्हरचा पॅच होतो.